भाडेकरू जीएसटी माझ्या भाड्यातून कापतो, हे चालेल का?

प्रश्न : होटगी रोडला माझ्या नावावर एक गाळा आहे. चादर-टॉवेलच्या एका व्यापाऱ्याने तो गोदामासाठी महिना 60,000 रुपये भाड्याने घेतला आहे. मला दुसरं उत्पन्न नाही, जीएसटी नोंदणीही नाही. गेले सहा महिने ‘सरकारने तुमच्या भाड्यावर 18 टक्के लावलेत’ असं सांगून तो 10,800 रुपये कापतो आणि 49,200 हातावर ठेवतो. करारात जीएसटीचा उल्लेख नाही. करार संपत आलाय, आणि नव्या करारासाठी दलालही दलालीवर 18 टक्के मागतोय. काय करू?

उत्तर : ताई, तुम्ही लिहिलंय त्यावरून ही कपात करायचा त्याला अधिकार नाही. 10 ऑक्टोबर 2024 पासून नियम असा आहे, की व्यावसायिक जागेचा मालक नोंदणीकृत नसेल आणि भाडेकरू नोंदणीकृत असेल, तर भाड्यावरचा जीएसटी भाडेकरूने रिव्हर्स चार्जने स्वतः सरकारला भरायचा. तो भाड्याच्या वर भरायचा असतो. तुम्हाला पूर्ण 60,000 मिळायला हवेत.

मला राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. हा कर त्याला रोखीने भरावा लागतो हे खरं, पण त्याचा माल करपात्र आहे, त्यामुळे भरलेल्या 10,800 चं इनपुट क्रेडिट (खरेदी-खर्चावर भरलेल्या कराची वजावट) त्याला मिळतं आणि विक्रीवरच्या करातून ते वळतं होतं. वर तेच 10,800 तो तुमच्याकडूनही काढतोय. तुमचं नुकसान हा त्याचा निव्वळ फायदा आहे.

आधी जीएसटीच्या पोर्टलवर त्याचा नंबर टाकून बघा. तो कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या व्यापाऱ्यांसाठीच्या उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरायच्या योजनेत असेल, तर 16 जानेवारी 2025 पासून हा रिव्हर्स चार्ज त्याला लागूच नाही. प्राप्तिकराची टीडीएस कपात मात्र वेगळी असते. ती तुमच्या पॅनवर जमा होते आणि प्राप्तिकराच्या पोर्टलवर तुमच्या करतपशिलात दिसते. दोन्हींची गल्लत होऊ देऊ नका.

आता करारनामा नीट वाचा. ‘मालमत्ता कर मालकाने भरायचा’ असं बहुतेक करारांत असतं. तो महापालिकेचा कर, त्याचा जीएसटीशी संबंध नाही. पण ‘सर्व कर मालकाकडे’ असं मोघम वाक्य असेल, तर तो त्यावर बोट ठेवेल. कराचा भार करारातून दुसऱ्या पक्षावर टाकता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये, जीएसटीआधीच्या सेवाकराच्या एका प्रकरणात मान्य केलं आहे. तसं वाक्य असेल तर मला करारच पाठवा, मग बोलू. आणि करार नोंदवलेला नसेल तर काळजी घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे अशा वेळी अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, ते खोटं ठरवायचं काम तुमच्यावर येतं.

सहा महिन्यांचे 64,800 थकले आहेत. वकिलामार्फत नोटीस पाठवा. थकीत भाड्याच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते, पण तोवर थांबू नका. दरम्यान जी रक्कम येईल ती घ्या, पावतीवर ‘अंशतः भाडे’ असं लिहा. ‘पूर्ण भाडे मिळाले’ अशी सही करू नका.

तुमचं वर्षाचं भाडं 7,20,000 आहे. सेवांसाठी नोंदणीची मर्यादा 20 लाख आहे, म्हणून कुणी सांगितलं तरी घाईने नोंदणी घेऊ नका.

दलालाचं सांगायचं तर तो नोंदणीकृत असेल तरच 18 टक्के मागू शकतो. त्याचा जीएसटी नंबर आणि कर बीजक मागा. नंबर नसेल तर फक्त दलाली द्या. नंबर असेल तर कर द्यावाच लागेल, आणि नोंदणी नसल्याने तुम्हाला त्याचं क्रेडिट मिळणार नाही. तेव्हा दलालीचा आकडा ठरवतानाच तो करासह ठरवा.

नव्या करारात एक ओळ घालून घ्या : ‘भाड्यावरील जीएसटी, रिव्हर्स चार्जसह, भाडेकरूने भाड्याव्यतिरिक्त भरायचा असून भाड्यातून वजा करायचा नाही.’ ही ओळ तो मान्य करेपर्यंत नव्या करारावर सही करू नका.