पहिल्या तासाच्या घंटेपासून उलटं मोज

अनेक उत्तम आशीर्वाद.

नऱ्ह्याच्या त्या वन बीएचकेचं माहितीपत्रक पाहिलं. खाली तू लिहिलंयस, "बाई, रविवारपर्यंत ५१,००० टोकन द्यायचंय, नाहीतर दर वाढेल. काय करू?" शिवाय आईचा धोशा, मामांचा सल्ला, आणि पुण्यात फ्लॅट असला की स्थळं चांगली येतात हे कुणीतरी डोक्यात भरवून दिलेलं. तू गोंधळली आहेस हे कळतंय. म्हणून सविस्तर लिहिते आहे, शांतपणे वाच.

फ्लॅट किती फुटांचा, गच्चीत बाग आहे का, हे सगळं तू विचारलंस. पहिला तास किती वाजता भरतो आणि तिथून शाळेत कशी पोचणार, हे विचारलं नाहीस. शिक्षकानं घर बघताना पहिल्या तासाच्या घंटेपासून उलटं मोजायचं असतं. बाकी सगळं त्यानंतर.

तुझी शाळा सदाशिव पेठेत, सकाळचं सत्र. परिपाठ ७:१० ला, म्हणजे ६:५५ ला हजेरीपटावर सही. आता मागे ये. स्वारगेटहून दुसरी बस किंवा शेअर रिक्षा आणि पुढचं चालणं, वीस मिनिटं. नऱ्ह्यातून स्वारगेट पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावर पस्तीस मिनिटं धर. थांब्यावर बसची वाट, पंधरा. इमारतीपासून थांबा, बारा. एखादी बस चुकली तर हाताशी दहा मिनिटं हवीत. झाली ९२ मिनिटं, म्हणजे ५:२३ ला घराबाहेर. दुपारी परतताना सिंहगड रस्ता आणि नवले पूल भरलेले, तेव्हा दीड तास. दिवसाचे तीन तास रस्त्यात. एका तुकडीच्या ५५ उत्तरपत्रिका, प्रत्येकी सहा मिनिटं धरली तर साडेपाच तासांचं काम होतं. दोन दिवसांच्या प्रवासात एक तुकडी तपासून झाली असती. गाडी घेईन म्हणशील. नवले पुलाच्या उतारावर पहाटे अंधारात अवजड ट्रकांच्या मधून दुचाकी काढायची, तीही पावसाळ्यात? रोज? मला ते मान्य नाही.

आणि रोजची शाळा तर सोपी. निवडणुकीचं काम लागलं की मतदान संपल्यावर यंत्रं जमा करून सुटायला रात्रीचे अकरा-बारा होतात. तेव्हा बस नसते. घंटेपासून उलटं मोजताना ती रात्रही धरायची.

आता पैशांचं. तू शिक्षणसेवक आहेस, म्हणजे पहिली तीन वर्षं पगाराऐवजी ठरावीक मानधन; माध्यमिकला ते महिना १८,००० आणि तीन वर्षांतलं अजून दीड वर्ष बाकी. समज, फ्लॅट ४० लाखांचा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं ३० ते ७५ लाखांच्या कर्जात बँक किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देते, म्हणजे ३२ लाख. उरले आठ लाख तुझे. पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क सगळे अधिभार धरून सात टक्के. घर फक्त बाईच्या नावावर असेल तर एक टक्का सवलत, म्हणजे २,४०,०००. नोंदणी शुल्क ३०,०००. बांधकाम चालू असेल आणि किंमत ४५ लाखांच्या आत असेल तर जीएसटी एक टक्का, ४०,०००. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला, मिळालेल्या घरावर जीएसटी नाही. बेरीज कर: ११,१०,००० रुपये हातात हवेत, आणि यात पार्किंग, वीजमीटर, आगाऊ देखभाल खर्च धरलेलाच नाही. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी लाखाला ८६८ रुपये हप्ता पडतो, तर ३२ लाखांना सुमारे २७,८००. मानधन १८,०००! तुला गणित शिकवायला ठेवलंय, तरी हे तुझ्या लक्षात येऊ नये?

मामा म्हणतील, भावाचं नाव लाव. लावलंस की सवलत गेली, कारण ती सगळे खरेदीदार स्त्रिया असतील तरच मिळते. ४० लाखांवर ४०,००० गेले. कर्जासाठी वडील किंवा भाऊ सहअर्जदार हवे असतील तर त्यांना मालक करावं लागत नाही. सहमालकाला बँक सहअर्जदार करते. सहअर्जदार मालक असलाच पाहिजे असं नाही. हे घरी स्पष्ट सांग, संकोच करू नकोस.

त्या माहितीपत्रकावर महारेराचा, म्हणजे राज्यातल्या गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक नाही, पाहिलंस? एजंट म्हणतो लहान प्रकल्प आहे, गरज नाही. ५०० चौरस मीटरपर्यंतचा भूखंड किंवा आठपर्यंत सदनिका असतील तर नोंदणीतून सूट आहे, हे खरं. पण त्याच सवलतीच्या आडोशानं गुंठा-दोन गुंठ्यांवर परवानगीशिवाय इमारती उभ्या राहतात. मग "नोटरी करून देतो, बँकेऐवजी पतसंस्थेचं कर्ज बसवून देतो" अशी भाषा सुरू होते. राष्ट्रीयीकृत बँक ज्या इमारतीला कर्ज देत नाही, तिथून मुकाट्यानं उठून यायचं. एवढी एकच कसोटी लावलीस तरी निम्मी पत्रकं रद्दीत जातील. पुढे कधी घेशील तेव्हा सातबारा किंवा मिळकत पत्रिका, मंजूर नकाशा, बांधकाम सुरू करण्याचा दाखला, भोगवटा प्रमाणपत्र आणि मालकी कुणाकुणाकडे होती याचा वकिलाचा तीस वर्षांचा शोध अहवाल, एवढं आधी. जुना फ्लॅट असेल तर सूची क्रमांक दोन (नोंदवलेल्या खरेदीचा उतारा), सोसायटीचं भागप्रमाणपत्र आणि थकबाकी नसल्याचा दाखलाही. रेरा नोंदणीच्या प्रकल्पात नोंदणीकृत करारनाम्याआधी बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. टोकन द्यायचंच झालं तर धनादेशानं, आणि कर्ज नामंजूर झालं तर किती दिवसांत परत, हे पावतीवर लिहून घेऊन.

पाण्याचंही विचार. नऱ्हे, नांदेड, किरकटवाडी ही गावं २०२१ मध्ये महापालिकेत आली, पण हद्द बदलली म्हणून नळाला लगेच पाणी येत नाही. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या या पट्ट्यात गुलेन बारी सिंड्रोमचे रुग्ण सापडले आणि दूषित पाण्याची चर्चा सगळ्या शहरानं ऐकली. उन्हाळ्यात महिन्याला किती टँकर लागतात, ते सोसायटीच्या वॉचमनला विचार. विक्री कार्यालयात खरं उत्तर मिळत नाही.

मग करायचं काय? भाड्यानं राहा, शाळेपासून चालत पंधरा-वीस मिनिटांत. एकटीला परवडणार नाही. दोघी-तिघी मिळून वन बीएचके किंवा वाड्यातल्या दोन खोल्या बघा. कॉट बेसिसवर, म्हणजे एका खाटेपुरत्या जागेत, राहू नकोस, तिथे वह्या पसरायला जागा नसते. खोली बघताना पाणी किती वाजता येतं ते विचार. सात ते नऊ येत असेल तर तुम्ही सगळ्या शाळेत, भरणार कोण? साठवणीची टाकी आहे का, तिची तोटी चालते का, हे उघडून बघ. महावितरणचं मागचं बिल मागून थकबाकी बघ, मीटरच्या आकड्याचा आणि भिंतीवरच्या ओलीचा फोटो तारखेसह ठेव. नाहीतर सोडताना डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापले जातात आणि वाद घालायला तुझ्याकडे काही नसतं.

भाडेकरार नोंदणीकृतच हवा. अकरा महिन्यांचा असला तरी १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं नोंदणी बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी मालकाची आहे. "नोटरी पुरे" म्हणणाऱ्याला नम्रपणे नाही म्हण. खर्च किती? १४,००० भाडं आणि ४०,००० डिपॉझिट असेल तर मुद्रांक शुल्क चारशे रुपयांच्या आसपास आणि नोंदणी शुल्क १,०००. एवढ्यासाठी पुराव्याचा कागद सोडायचा नाही.

भाडं म्हणजे पैसे पाण्यात, हे वाक्य तुला घरी रोज ऐकवतील. मला तीस वर्षं ऐकवलंय. तीस वर्षं पेठेतच भाड्यानं राहिले, कारण वर्गात ताज्या डोक्यानं उभं राहायचं होतं. याला लोक हेकटपणा म्हणतात. म्हणोत. हुशार, जीव ओतून शिकवणारी माणसं दोन बसमध्ये झिजून तिसऱ्या तासाला खुर्ची शोधायला लागतात, हे मी जवळून पाहिलंय आणि त्याची हळहळ अजून जात नाही. त्या भाड्यानं मी वेळ विकत घेतला. घंटेपासून उलटं मोजलं की तो आकडा दिसतो, चौरस फुटांकडून मोजलं की दिसत नाही.

विकत घ्यायचा विचार कधी? तिसरं वर्ष संपून नियमित वेतनश्रेणी लागली, शिक्षणाधिकाऱ्यांच्या मान्यतेचा आदेश हातात आला आणि शालार्थ या शिक्षकांच्या पगाराच्या सरकारी प्रणालीतून सहा महिने पगार नियमित जमा झाला, की मग. तोवर शिक्षक पतसंस्थेचं कर्ज काढू नकोस. त्याचा हप्ता पगारपत्रकात कपात म्हणून दिसतो आणि बँक तेवढी तुझी कर्जाची पात्रता कमी करते. स्टाफरूममध्ये कुणी जामिनासाठी सही मागितली तर तिथेही नाही म्हण. वाईट वाटेल, वाटू दे. हप्त्याची तारीख ५ ठेवू नकोस. अनुदानाचा पगार वेळेवर आला नाही की हप्ता परत जातो, दंड बसतो आणि सिबिल खराब होतं. १५ च्या पुढची तारीख माग आणि दोन हप्ते खात्यात कायम राखून ठेव. एनपीएसला, म्हणजे निवृत्तिवेतन योजनेला, तीन वर्षं झाली की पहिल्या घरासाठी स्वतःच्या वर्गणीतले पंचवीस टक्के काढता येतात, तेही लक्षात असू दे.

तेव्हा तरी शाळेच्या दारात घे, असं मी म्हणणार नाही. दरवर्षी संचमान्यता होते, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात. पटसंख्या घसरली तर तू अतिरिक्त ठरशील आणि समायोजन जिल्ह्यात कुठेही होईल. म्हणून विकतचं घर एका शाळेला बांधू नये, वाहतुकीच्या मुख्य मार्गाला बांधावं. पिंपरी–स्वारगेट मेट्रो सकाळी सहाला सुरू होते. दापोडी-कासारवाडीला स्थानकापासून चालत दहा मिनिटांवरचा जुना फ्लॅट नकाशावर नऱ्ह्यापेक्षा लांब दिसतो, पण मंडई स्थानकात तू साडेसहाला असशील. घंटेपासून उलटं मोजलं की लांबचं जवळ येतं ते असं.

म्हाडाच्या पुणे मंडळाच्या सोडतीला अर्ज जरूर भर. अधिवास प्रमाणपत्र आत्ताच काढून ठेव, आयत्या वेळी तेच अडतं. पण नंबर लागला म्हणून चाकण-म्हाळुंग्याचं घर आनंदाच्या भरात स्वीकारू नकोस. तिथूनही ६:५५ गाठायची आहे.

रविवारी त्या साइटवर जाऊ नकोस. एजंटला "कर्ज होत नाही" एवढंच कळव, जास्त बोललीस तर तो पतसंस्था पुढे करेल. त्याऐवजी शाळा सुटल्यावर नारायण पेठेत दोन-तीन जागा बघून ये. मालकानं कराराचा मसुदा पाठवला की सही करण्याआधी मला पाठव; लॉक-इनचं (किती महिने जागा सोडता येणार नाही ते) आणि रंगाच्या पैशांचं कलम मी वाचून देते.

तुझ्या,
बाई