उतारावरचे ओंडके बैलजोडीने ओढताना
बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला, जिथे ट्रॅक्टर पोहोचत नाही, तिथले ओंडके बैलजोडीने बाहेर काढता येतात. हे काम तुम्ही नव्याने शिकत आहात, याचा मला मनापासून आनंद आहे. दोर जांभ्याच्या दगडावर घासून तुटतो, म्हणून आधी चांगली साखळी घ्या. साखळी आखूड बांधली की ओंडक्याचे तोंड किंचित उचलले जाते आणि ओढ हलकी होते. मात्र उतारावर ती इतकी लांब हवी की ओंडका घसरला तरी बैलांच्या पायांवर आदळणार नाही. ओंडक्याचे पुढचे तोंड कुऱ्हाडीने गोलसर तासावे, म्हणजे ते मुळांत अडकत नाही. स्वतः नेहमी चढाच्या अंगाने चालावे. ओल्या जुवामुळे माझ्या एका गुणी बैलाचा खांदा सोलवटला होता आणि ती चूक सर्वस्वी माझी होती. तेव्हापासून जू उतरवल्यावर मी खांद्यावरून तळहात फिरवतो, आणि कातडी गरम किंवा फुगीर लागली तर दुसऱ्या दिवशी जोडी जुंपत नाही. झाड मालकीचे असले, तरी १९७६ च्या कर्नाटक वृक्ष संरक्षण कायद्याखाली तोडीची परवानगी लागते का, हे वनखात्याकडे आधी विचारून घ्यावे.