यादीतून गळालेली मुलं

प्रश्न : ताई, आमची छोटी संस्था धडगाव तालुक्यातल्या नऊ पाड्यांवर कुपोषित मुलांसाठी काम करते. सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक कामासाठीच्या निधीतून, मदत देणारी कंपनी म्हणते, कामाचा परिणाम दाखवा. आम्ही शिबिरं किती घेतली, खाऊची पाकिटं किती वाटली ते लिहितो, पण त्यांचं समाधान होत नाही. वर पगारावर 5 टक्क्यांपेक्षा जास्त खर्च नको म्हणतात. आम्ही मोजायचं तरी काय?
– एका संस्थेचे सचिव, धडगाव

उत्तर : भाऊ, कंपनीचा पहिला प्रश्न रास्त आहे. घरात चार भावंडं असली की पाकीट चौघांत वाटलं जातं, आणि ज्याच्या नावावर दिलं त्याच्या वाट्याला दोन घास येतात. मी 26 वर्षं अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका होते, हे रोज पाहिलंय.

मोजायचं ते मूल, नावानिशी. दंडघेराची पट्टी तुमच्याकडे असेलच. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर 11.5 सेंटिमीटरच्या खाली असला तर लाल, म्हणजे तीव्र कुपोषण; तिथून 12.5 च्या आत पिवळा, म्हणजे मध्यम; पुढे हिरवा, म्हणजे ठीक. वहीत नुसता रंग नको, आकडा लिहा. 10.9 वरून 11.4 वर आलेलं मूल लालच दिसतं, पण त्याच्या आईनं आणि तुमच्या कार्यकर्तीनं केवढे कष्ट घेतलेले असतात!

एका वर्षी जानेवारीत माझ्या बीटमधली, म्हणजे माझ्याकडच्या अंगणवाड्यांतली, लाल मुलं एकदम निम्म्यावर आली. बैठकीत कौतुक झालं. आम्ही तर वेगळं काहीच केलं नव्हतं. पाड्यावर गेले तर घरोघरी कड्या लावलेल्या. दिवाळीनंतर माणसं ऊसतोडीला गुजरातेत गेली होती, आणि सगळ्यात हडकुळी पोरं त्यांच्याबरोबर. टक्केवारी सुधारली होती, मूल एकही नाही. होळीला ती परतली तेव्हा काहींचे दंड आधीपेक्षाही बारीक झाले होते. ते कौतुक मला अजून बोचतं.

म्हणून मोजणी दोनदा करा, दिवाळीआधी आणि होळीनंतर, दरवर्षी त्याच सुमारास. दिवाळीच्या यादीत आलेलं नाव होळीपर्यंत खोडायचं नाही. मूल भेटलं नाही तर पुढे ‘स्थलांतर’, ‘दवाखान्यात’, ‘वारलं’, जे खरं असेल ते लिहा. टक्के काढताना भागायचं ते त्या पूर्ण यादीनं, हजर मुलांच्या संख्येनं नाही. आकडा कमी दिसेल. दिसू द्या.

श्रेयही सगळं आपल्याकडे घेऊ नका. अमृत आहार योजनेतली अंडी अंगणवाडीतून मिळतात, कुपोषित मुलांना जादा आहार देणारी सरकारी ग्राम बाल विकास केंद्रं चालतात. जिथे तुमचं काम नाही अशा शेजारच्या दोन-तीन पाड्यांचे आकडे अंगणवाडी सेविकेकडून मिळाले तर शेजारी मांडा. तुमच्यामुळे काय फरक पडला ते त्यातून थोडंफार कळेल.

आता पगार. ती 5 टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराच्या खर्चावर आहे. प्रकल्प राबवण्याचा, त्याच्या देखरेखीचा खर्च तिच्यात येत नाही. 2021 साली सुधारलेले नियम त्यांच्यासमोर ठेवा. आणि पट्टी घेऊन डोंगर चढणारी कार्यकर्ती पाड्यावरचीच, पावरी बोलणारी ठेवा. मूल रात्री उपाशी झोपलं होतं का, हे आया तिलाच सांगतात.