सूटला फूल कुठे नि कसं लावायचं?

प्रश्न: मित्राचं मडगावला चर्चमध्ये लग्न आहे, मी बेस्ट मॅन. सूटला फूल कुठल्या बाजूला लावतात? माझ्या कोटाच्या कॉलरवरचं काज शिवून बंद केलेलं आहे, ते उसवू का?

उत्तर: डाव्या बाजूलाच. काज खरं असेल आणि फक्त टाके घातलेले असतील तर टेलरकडून उसवून घ्या, पण बऱ्याच रेडिमेड सूटना नुसतं शोभेचं शिवलेलं असतं, तिथे ब्लेड चालवलंत तर कोट गेलाच समजा. मग पिन लावायची, तीही कॉलरच्या मागून म्हणजे पुढून दिसत नाही. चांगल्या सूटला कॉलरमागे दोऱ्याची छोटी कडी असते, देठ त्यात अडकवायचा.

फूल म्हणाल तर कार्नेशन घ्या, पाण्याशिवायही बराच वेळ टिकतं. नेहरूंसारखा लाल गुलाब हवाच असेल तर अर्धवट उमललेली कळी, पूर्ण फुललेला गोव्याच्या उकाड्यात मान टाकतो. निघेपर्यंत देठाला ओला कापूस गुंडाळून ठेवा. नवऱ्याचं फूल तुमच्यापेक्षा जरा उठून दिसू दे हां! आणि एक जास्तीचं जवळ असू द्या, कारण मिठ्या मारणारे पाहुणे काही ऐकत नाहीत.