मित्रांसोबत कॉफी टेस्टिंग क्लब सुरू करायचा आहे, पण कुणालाच त्यातलं कळत नाही. कुठून सुरुवात करू?

तुम्ही लिहिलंय की पाच-सहा जण उत्साही आहात, पण एस्प्रेसो मशीन कुणाकडे नाही आणि जाणकारही कुणी नाही. या दोन गोष्टी तुम्ही अडचणी म्हणून मांडल्यात. मला तर त्या तुमच्या पथ्यावर पडतील असं वाटतं. मशीन आलं की निम्मी बैठक मशीनच्या सेवेत जाते, आणि जाणकार असला की बाकीचे घोट घेऊन त्याच्या तोंडाकडे बघत बसतात.

आमचा असा एक क्लब आहे. त्या अनुभवावरून सांगतो, बाकी सगळं जमेल तसं करा, पण दोन गोष्टींत सूट देऊ नका. कॉफी कधीही एकटी चाखायची नाही, शेजारी दुसरी हवीच. आणि कुठल्या वाटीत काय आहे हे झाकलेलं ठेवायचं, शिवाय सगळ्यांचं लिहून होईपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही.

समोर एकच कॉफी असली की 'छान आहे', 'स्ट्राँग आहे' यापुढे कुणाची गाडी सरकत नाही. दोन शेजारी ठेवा, मग अगदी नवख्या माणसालाही सांगता येतं की ही जास्त आंबट आहे, ती तोंडात जड लागते, हिची चव गिळल्या गिळल्या संपते आणि तिची रेंगाळते. यासाठी शिक्षण लागत नाही, तुलना लागते.

गप्प बसण्याचा नियम मात्र ऐकायला सोपा आणि पाळायला महाकठीण. एकाने 'संत्र्याचा वास येतोय' म्हटलं की पुढच्या मिनिटाला सगळ्यांना संत्रं येऊ लागतं, आणि ते खोटंही बोलत नसतात. त्यांना खरोखरच येत असतं. आमच्यात एक मित्र बोलायचा नाही, पण घोट घेतला की भुवया अशा उडवायचा की समोरच्यांच्या वह्या तिथेच भरायच्या. शेवटी त्याला भिंतीकडे तोंड करून बसवलं. तेव्हा चेहरे, हुंकार, 'अहाहा' हे सगळं बोलण्यातच धरा.

आता प्रत्यक्ष कृती. कॉफीच्या धंद्यातले लोक चव तपासायला जी पद्धत वापरतात तिला कपिंग म्हणतात, आणि ती इतकी साधी आहे की घरी जशीच्या तशी जमते. एकाच मापाच्या काचेच्या किंवा चिनीमातीच्या वाट्या, वजनकाटा, उकळलेलं पाणी आणि माणशी एक खोलगट चमचा, एवढंच सामान. स्पेशालिटी कॉफी असोसिएशन या कॉफीच्या धंद्यातल्या जागतिक संघटनेचं प्रमाण 150 मिली पाण्याला 8.25 ग्रॅम कॉफी असं आहे. 200 मिलीच्या वाटीला 11 ग्रॅम घ्या. दळण जाड वाळूसारखं ठेवा, कागदी फिल्टरला लागतं त्याहून किंचित जाड. प्रत्येक वाटीचं वजन दळण्याआधी वेगळं करा आणि वेगळं दळा. असं केलं की एखादी सडकी बी असलीच तर एकच वाटी बिघडते. व्यावसायिक लोक एका कॉफीच्या पाच वाट्या मांडतात त्या याचसाठी. तुम्हाला दोन पुरतील. कॉफी बदलताना नव्या कॉफीचे थोडे दाणे दळून टाकून द्या, नाहीतर ग्राइंडरमध्ये अडकलेली आधीची कॉफी पुढच्या वाटीत उतरते. ग्राइंडर नसेल तर विकत घेतानाच दळून घ्या, पण मग बैठक त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी करा. दळलेल्या कॉफीचा वास फार लवकर उडतो.

कोरड्या पुडीचा वास आधी घ्या आणि लिहा. मग साधारण 93 अंशांचं पाणी, म्हणजे उकळी थांबल्यावर थोडं निवलेलं, काठापर्यंत ओता आणि चार मिनिटं वाटीला हातही लावू नका. वर चोथ्याची जाड साय धरते. चार मिनिटांनी नाक अगदी वाटीवर नेऊन चमच्याच्या पाठीने ती साय तीनदा मागे सारा. त्या क्षणी जो वाफेचा लोट येतो त्यात त्या कॉफीचा सगळ्यात भरगच्च वास असतो. तो पुन्हा मिळत नाही, म्हणून साय फोडायचा मान आळीपाळीने द्या. आमच्याकडे कॉफीपेक्षा जास्त भांडणं यावरून होतात. दर वाटीनंतर चमचा गरम पाण्यात बुडवून घ्या. मग दोन चमच्यांनी वरचा फेस आणि तरंगणारा चोथा काढून टाका. बाकीचा गाळ तळाशी बसतो, गाळणी लागत नाही.

यानंतर घाई करू नका. पाणी ओतल्यापासून दहा-बारा मिनिटं झाल्याशिवाय चाखायला घेतलीत तर जीभ भाजेल आणि पुढचं काही कळणार नाही. चमचाभर कॉफी घ्यायची आणि जोरात भुरका मारायचा. पहिल्या दिवशी सगळे लाजतात आणि हसतात, ते उरकून घ्या. भुरक्यामागे कारण आहे. कॉफी हवेबरोबर तोंडभर फवारली जाते आणि तिचा वास घशाच्या मागून नाकात चढतो. आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा भाग हा वासाचाच असतो. खात्री करायची असेल तर नाक चिमटीत धरून एक घोट घ्या: कडू, आंबट, गोड एवढंच उरेल. चिमूट सोडली की कॉफी 'येते'.

एकच वाटी गरम, कोमट आणि गार अशी तीनदा चाखा. गरमपणात बरंच काही लपतं. चांगली कॉफी निवताना गोड आणि स्पष्ट होत जाते, तर हलकी कॉफी गार झाली की जळकट, कुबट असं जे काही तिच्यात असेल ते पुढे आणते.

तोंडात घातलेले चमचे सगळ्यांनी त्याच वाट्यांत बुडवायला कुणाची हरकत असेल तर माणशी दोन चमचे ठेवा, एकाने काढून दुसऱ्यात ओतायची. आणि बैठकीला येताना अत्तर, सुगंधी क्रीम नको हे आधीच सांगून ठेवा.

कॅफिनची चिंता कुणी ना कुणी काढतंच. अरॅबिका आणि रोबस्टा या कॉफीच्या दोन मुख्य जाती. त्यातल्या अरॅबिकात साधारण सव्वा ते दीड टक्का कॅफिन असतं, म्हणजे 11 ग्रॅमच्या वाटीत दीडशे मिलिग्रॅमच्या आसपास. निरोगी प्रौढ माणसासाठी दिवसाला 400 मिलिग्रॅमपर्यंत ठीक मानलं जातं, गरोदर स्त्रियांसाठी 200. चमच्याचमच्याने चाखताना कुणी वाटी संपवत नाही, तरी मधे एक रिकामा पेला ठेवा आणि थुंकायला संकोचू नका, धंद्यातले लोक बिनदिक्कत थुंकतात. बैठक सकाळची ठेवा. कॅफिन अर्धं उतरायलाच पाचेक तास लागतात, त्यामुळे रात्रीच्या बैठकीनंतर जागरण ठरलेलं.

कोणत्या दोन कॉफ्या शेजारी ठेवायच्या यावर क्लबचा जीव आहे. 'यावेळी आठ देशांच्या आठ कॉफ्या' असले बेत करू नका, चौथ्या कॉफीनंतर जीभ संप करते. एका बैठकीत एकच गोष्ट बदला. पहिल्या वेळी फरक ढोबळ असू द्या: एक फिकी भाजलेली, एक गडद भाजलेली. किंवा एक अरॅबिका, एक रोबस्टा. नंतर एकाच मळ्याची धुऊन वाळवलेली आणि फळासकट वाळवलेली कॉफी मिळवा. तिथे नवशिक्यांना पहिला खरा धक्का बसतो, कारण दुसरीला पिकलेल्या फळाचा, कधी कधी दारूच्या जवळ जाणारा वास असतो आणि 'यात काहीतरी मिसळलंय' असं कुणीतरी म्हणतंच. देशांची तुलना त्यानंतर. केनिया आणि ब्राझील घ्या. एकीचा धारदार आंबटपणा आणि दुसरीचा शेंगदाणा-चॉकलेटकडे झुकणारा मऊपणा कुणालाही वेगळा काढता येतो.

माझी सगळ्यात आवडती बैठक मात्र पाण्याची. कॉफी एकच, पाणी दोन प्रकारचं: एक जड, एक बऱ्यापैकी हलकं. वाटीत अठ्ठ्याण्णव टक्क्यांहून जास्त पाणीच असतं हे माहीत असूनही आपण ते विसरतो. जड पाण्यातले क्षार कॉफीतली आम्लता मारतात, त्यामुळे जी कॉफी एका वाटीत लिंबासारखी तरतरीत लागते तीच दुसऱ्या वाटीत मातकट आणि सपाट लागते. आमच्यातल्या बहुतेकांनी त्या दोन वेगळ्या कॉफ्या आहेत असंच लिहिलं होतं.

क्लब थोडा रुळला की त्रिकोणाचा खेळ सुरू करा. तीन वाट्या, दोघींत एकच कॉफी, तिसरीत वेगळी, वेगळी ओळखायची. कप टेस्टिंगच्या जागतिक स्पर्धेत हेच असतं, आठ मिनिटांत असे आठ संच. इथे हिशेब मात्र प्रामाणिक ठेवा. डोळे मिटून बोट ठेवलं तरी तीनात एकदा बरोबर येतं, म्हणजे सहा जणांत दोघं निव्वळ नशिबाने जिंकणार. चार जण बरोबर आले तरी नशिबाने तसं दहात एकदा घडतं. सहापैकी पाच बरोबर येण्याची शक्यता मात्र दोन टक्क्यांहून कमी. तेव्हा खुशाल म्हणा की फरक खरा आहे. आमच्यात 'मला काही कळत नाही, मी आपला गप्पांसाठी येतो' म्हणणाराच या खेळात सगळ्यांत तेज निघाला, आणि ज्याच्याकडे तीन प्रकारची यंत्रं आहेत तो चाचपडत राहिला.

वाट्यांना एक-दोन-तीन किंवा अ-ब-क अशी नावं देऊ नका. पहिल्या नंबराकडे मन उगाच झुकतं. 482, 715 असे कुठलेही तीन आकडे वाटीखाली चिकटवा. ओतणाऱ्याने यादी खिशात ठेवायची आणि त्या दिवशी त्याने मत द्यायचं नाही.

वहीत दोन वेगळे रकाने करा: 'काय लागलं' आणि 'आवडलं का'. हे दोन एकात कालवले की वाद संपत नाहीत. शंभरपैकी गुण देण्याच्या फंदात पडू नका. ऐंशी किंवा जास्त गुण मिळाले की कॉफी 'स्पेशालिटी', म्हणजे वरच्या दर्जाची, हे तुम्ही कुठेतरी वाचाल, पण ते गुण देणारे लोक एकमेकांशी जुळवून घेण्यासाठी वेगळा सराव करतात. खुद्द त्या असोसिएशननेही 2023 मध्ये आणलेल्या नव्या पद्धतीत वर्णन आणि पसंती वेगळ्या केल्या आहेत. कॉफीत सापडणाऱ्या चवी-वासांची नावं मांडलेलं रंगीत चक्र मिळतं, तेही सध्या दूरच ठेवा. 1995 चं ते चक्र 2016 मध्ये नव्याने केलं गेलं आणि ते उत्तम आहे, पण सुरुवातीलाच समोर ठेवलं की लोक वाटीत शोधायचं सोडून चक्रात शोधतात. पाकिटावर छापलेल्या चवींचंही तेच, पाकीट शेवटी दाखवा. त्याऐवजी एकदा साध्या पाण्यात थोडं लिंबू, साखर, मीठ वेगवेगळं कालवून चाखा. नवखे लोक आंबट आणि कडू यांत सर्रास गल्लत करतात, ती याने सुटते.

दूध-साखरेवरून कुणाचा अपमान करू नका. चाखताना नाही, बैठक संपल्यावर हवी तशी प्या, एवढं पुरे.

खर्चाचं म्हणाल तर वर्गणी काढा आणि खरेदी आळीपाळीने करा. एका कॉफीच्या दोन वाट्यांना 22 ग्रॅम लागते, म्हणजे 250 ग्रॅमच्या पाकिटातली बरीचशी उरते. ती तिथेच वजन करून वाटून टाका. घरी नेऊन रोजच्या पद्धतीने केल्यावर ती कशी लागली यावर पुढच्या वेळी बोलता येतं. घेताना पाकिटावर भाजल्याची तारीख बघा, आठवडा ते महिनाभरातली असली की उत्तम. नुसती 'वापरण्याची अंतिम तारीख' छापलेली असेल तर या कामापुरती ती कॉफी टाळा. आणि ज्याच्या घरी बैठक असेल त्याच्या सिंकमध्ये चोथा ओतू नका, नळी तुंबते. एक जुनं पातेलं त्यासाठीच वेगळं ठेवा.