गुडघ्याचं ऑपरेशन, पाच लाखांची एफडी आणि सहा महिन्यांची घाई

प्रश्न, फोंड्याहून: मुलगी बारावीत आहे, हायर सेकंडरीच्या संघातून बास्केटबॉल खेळते. जुलैत रिबाउंड घेऊन खाली येताना गुडघा पिळवटला. एमआरआयमध्ये एसीएल (गुडघा जागेवर धरणारा आतला लिगामेंट) पूर्ण तुटलेला आणि मेनिस्कसलाही (गुडघ्यातली कूर्चेची गादी) चीर गेलेली दिसली. मुंबईच्या एका नावाजलेल्या डॉक्टरांनी सव्वाचार लाख सांगितलेत, मडगावला खाजगीत २,४०,००० रुपये. वेर्ण्याच्या कंपनीचा मेडिक्लेम तीन लाखांचा आहे. तिच्या इंजिनिअरिंगसाठी ठेवलेली पाच लाखांची एफडी मोडून मुंबई गाठावी का? फेब्रुवारीत निवड चाचणी आहे. एनबीएचे (अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग) खेळाडूही सहा महिन्यांत परततात म्हणे.

उत्तर: एफडी मोडू नका. मुंबईलाही जाऊ नका, निदान पैशांच्या हिशेबावर तरी ते पटत नाही.

आधी शेवटच्या वाक्याचं बोलू, कारण तुमचा सगळा हिशेब त्यावर उभा आहे. एनबीएमधल्या झॅक लाव्हीनचा एसीएल फेब्रुवारी २०१७ मध्ये गेला, तो परतला जानेवारी २०१८ मध्ये. जमाल मरे एप्रिल २०२१ मध्ये जायबंदी झाला आणि थेट ऑक्टोबर २०२२ मध्ये मैदानात उतरला. पुढच्याच वर्षी त्याच्या संघाने विजेतेपद मिळवलं. क्ले थॉम्पसनचं उदाहरण माझ्या, म्हणजे पैशांच्या सल्ल्याच्या, धंद्यातलं आहे. जून २०१९ मध्ये अंतिम मालिकेत त्याचा एसीएल फाटला आणि त्याच उन्हाळ्यात संघाने त्याच्याशी पाच वर्षांचा, जवळपास १९ कोटी डॉलरचा करार केला. पुढचा पूर्ण मोसम तो बसून होता, पगार चालू. या मंडळींना थांबणं परवडतं, कारण थांबण्याचे पैसे कुणीतरी भरत असतं. तुमच्या घरी ते तुम्हालाच भरायचे आहेत, आणि पत्रात नेमका तोच आकडा नाही.

डॉक्टर नवा लिगामेंट बसवतात तो बहुधा तिच्याच मांडीमागच्या किंवा गुडघ्याच्या वाटीखालच्या स्नायुबंधातून घेतलेला. बसवल्या दिवशी तो मजबूत असतो, मग शरीर त्याला आपलंसं करत असताना काही महिने उलट कमकुवत होतो. नेमक्या त्याच काळात सूज उतरलेली, चाल सरळ झालेली असते आणि मुलांना वाटतं आपण बरे झालो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेतल्या एका अभ्यासात दिसलं की खेळात परतणं नवव्या महिन्यापर्यंत जेवढं लांबवलं, त्यातल्या दर महिन्यामागे पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण निम्म्याने उतरलं. शिवाय नुसता काळ लोटून भागत नाही. दुखावलेल्या पायाच्या मांडीची ताकद दुसऱ्या पायाच्या किमान ९० टक्के व्हावी लागते, एका पायावरच्या उड्यांची चाचणी पार करावी लागते. मेनिस्कसला टाके पडले तर पहिले काही आठवडे कुबड्या आणि गुडघा वाकवण्यावर बंधन. फेब्रुवारीची चाचणी सोडून द्या. (त्याच सुमारास बारावीची परीक्षाही आहे, ती पत्रात कुठे दिसली नाही.)

म्हणजे खर्च नऊ महिन्यांचा धरायचा. तुम्ही कळवलेला फोंड्यातल्या फिजिओचा दर ६०० रुपये. पहिले तीन महिने आठवड्याला तीन वेळा, पुढे सहा महिने दोन वेळा: साधारण ८८ बैठका, ५२,८०० रुपये. पुढच्या टप्प्यातली जिम, तपासण्या आणि येणं-जाणं धरून ८०,००० बाजूला हवेत. तुमच्या पॉलिसीत डिस्चार्जनंतरचे ६० दिवसच आहेत, तेही डॉक्टरांनी फिजिओ चिठ्ठीवर लिहून दिला तर. त्यात पंधरा-सोळा हजार सुटतील. बाकी खिशातून. माझ्या पाहण्यात घरं ऑपरेशनला लाखो मोजतात आणि चौथ्या महिन्यात फिजिओ बंद करतात, कारण पैसे संपलेले असतात आणि मुलगी चालतेय ना!

आता मडगावचं बिल. पॉलिसीच्या पानावर खोलीभाडं विमारकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला ३,००० एवढंच आहे. तुम्ही ६,००० ची खोली घेतली तर कंपनी फक्त भाड्यातला फरक कापत नाही. सर्जन, भूल, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग यांचे पैसेही त्याच प्रमाणात, म्हणजे निम्मे होतात. इम्प्लांट आणि औषधं साधारणपणे त्यातून वगळतात. तुमच्या अंदाजपत्रकात अशा कापल्या जाणाऱ्या बाबी १,४०,००० च्या आहेत. एका चांगल्या खोलीपायी ७०,००० तुमच्या अंगावर, जवळपास अख्ख्या फिजिओचे पैसे. जनरल किंवा दोन खाटांची खोली घ्या. दोन-तीन रात्रींचा तर प्रश्न आहे.

गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड आहे का? चौघांच्या कुटुंबाला त्यात वर्षाला चार लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. ही शस्त्रक्रिया आणि इम्प्लांट पॅकेजात बसतं का, हे बांबोळीला जीएमसीच्या (गोवा मेडिकल कॉलेज, सरकारी इस्पितळ) ऑर्थोपेडिक ओपीडीत जाल तेव्हा योजनेच्या खिडकीवर विचारा. जीएमसी हा गरिबांचा पर्याय समजून टाळू नका. मी तुमच्या जागी असतो तर पहिली चिठ्ठी तिथलीच काढली असती. डॉक्टर कुठलेही असोत, वर्षाला किती एसीएल करतात आणि पुढची तपासणी स्वतः करतात का, हे विचारा. मुंबईच्या डॉक्टरांच्या हातगुणाबद्दल मला शंका नाही. पण दर तपासणीला दोन माणसांचा प्रवास आणि मुक्काम त्या सव्वाचार लाखांत नाही.

घाईही नाही. गुडघा अडकून बसलेला नसेल तर सूज उतरून पाय पूर्ण सरळ होईपर्यंत बरेच सर्जन थांबतातच. तुमचे डॉक्टर हो म्हणत असतील तर चवथ (गणेशचतुर्थी) होऊ द्या. तेवढ्यात कॅशलेसची मंजुरी येईल. मात्र तिला जमिनीवर मांडी घालून बसवू नका, पाहुणे काही म्हणोत.

एफडीचा हिशेब: ३६ पैकी २२ महिने झालेत. आज मोडलीत तर एक टक्का दंडाने नऊ हजारांच्या आसपास जातील, त्यात कमी मुदतीचा दर लागला तर आणखी. त्याऐवजी तिच्यावरच ८०,००० ची ओव्हरड्राफ्ट मर्यादा (लागेल तेवढंच उचलायचं कर्ज) घ्या. सात टक्क्यांच्या एफडीवर बँक आठ टक्के लावते, म्हणजे पूर्ण रक्कम वर्षभर वापरलीत तरी निव्वळ भुर्दंड ८०० रुपयांचा. महिन्याची फिजिओची फी पहिले तीन महिने सात-आठ हजार, पुढे पाचेक हजार. पाच हजारांची एसआयपी नऊ महिने थांबवली तर बरीचशी पगारातूनच निघेल. एसआयपी थांबवा असं मी सहसा सांगत नाही. इथे सांगतो.

आता घाईने नवी वैयक्तिक पॉलिसी घेण्याचा विचार सोडा. झालेली दुखापत लपवली तर दावा नाकारला जाईल, सांगितली तर या गुडघ्याला प्रतीक्षाकाळ लागेल. कंपनीची नोकरी सोडायचा बेत असेल तरच फॅमिली फ्लोटर (सगळ्या कुटुंबाची मिळून एक पॉलिसी) आत्ता घ्या, तोही सगळं लिहून.

एफडी दोघांच्या नावावर आहे, तेव्हा ओव्हरड्राफ्टच्या अर्जावर पत्नीचीही सही लागेल. मुलगी ॲडमिट होण्याआधीच्या आठवड्यात ते उरकून घ्या.