रजेने हा थकवा का उतरत नाही

काम पूर्वीइतकेच असूनही रविवारी संध्याकाळपासून पोटात गोळा येतो, विभागीय व्यवस्थापक रोजच्या रिव्ह्यू कॉलवर सगळ्यांदेखत पाणउतारा करतात, तर आठ दिवसांची रजा काढून बरे वाटेल का, असे तुम्ही विचारले आहे. मी बँकेत अठ्ठावीस वर्षे काढली आणि त्यांतली तीन अशाच एका साहेबांच्या हाताखाली गेली. रजा जरूर घ्या, पण तिच्यावर फार भिस्त ठेवू नका.

अशा वरिष्ठाच्या हाताखाली माणूस कामापेक्षा सतत सावध राहून अधिक दमतो. साधी ईमेल पाठवण्यापूर्वी मी ती सहा-सहा वेळा वाचत असे. जेवताना मोबाइल डब्याच्या झाकणावर पालथा ठेवत असे आणि तो थरथरला की घास हातातच राहत असे. रजेतही ही धास्ती सुटत नाही, कारण परत त्याच साहेबांपुढे उभे राहायचे असते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची, म्हणजे नोकरीतल्या सततच्या ताणाने येणाऱ्या अशा थकव्याची, जी व्याख्या दिली, तिच्यात तीन लक्षणे आहेत: शक्ती संपल्यासारखे वाटणे, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा येणे आणि आपल्या हातून काही धड होत नाही असे वाटणे. संघटना त्याला आजार न म्हणता नोकरीशी निगडित स्थिती म्हणते, आणि मला हे फार महत्त्वाचे वाटते, कारण त्यामुळे दोष तुमच्या स्वभावात शोधण्याआधी कामाच्या जागेत शोधावा लागतो. यांतला कडवटपणा मला फार उशिरा कळला. हयातीचा दाखला द्यायला आलेले एक वृद्ध पेन्शनर फॉर्मवर चुकीच्या जागी सही करून बसले, तेव्हा मी त्यांच्यावर खेकसलो, आणि तो स्वर हुबेहूब कॉलवरच्या साहेबांचा होता. त्यांनी काही न बोलता चष्मा पुसला. आजही ते आठवले की वाईट वाटते.

टार्गेटचा जाब विचारणे हा वरिष्ठांचा अधिकार आहे. मात्र लायकी काढणे, घरच्यांचा उल्लेख करणे, रजेवर असताना धमकावणे हा छळच होय. आपल्याकडे २०१३ चा कायदा कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळापुरता आहे, इतर मानहानीसाठी तसा स्वतंत्र कायदा नाही. जपानमध्ये अधिकाराच्या जोरावर होणारा छळ रोखण्याची जबाबदारी २०२० पासून मोठ्या आणि २०२२ पासून लहान कंपन्यांवरही कायद्यानेच टाकली आहे. आपल्याकडे तसे नसल्याने आपल्याला नोंदींचाच आधार असतो. प्रसंग घडला त्याच रात्री तारीख, वेळ, नेमके शब्द आणि कॉलवर कोण होते ते वहीत लिहा, आणि तक्रार मनुष्यबळ विभागाकडे व युनियन असल्यास तिच्याकडेही लेखीच द्या. बदलीचा अर्ज करायला संकोच करू नका. माझी सुटका बदलीनेच झाली.

झोप उडाली असेल किंवा जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील, तर यातल्या कशाचीही वाट न पाहता डॉक्टरांकडे जा, किंवा आताच टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ती सेवा मोफत आहे आणि तिथे मराठीतून बोलता येते.